वेबवुड: कॅनडाच्या पहिल्या नगराध्यक्षेच्या गावी

कॅनडातली पहिली महिला मेयर कोण, असं विचारलं तर बहुतेक जण शार्लट व्हिटन यांचं नाव घेतात. व्हिटन १९५१ मध्ये ओटावाच्या महापौर झाल्या. त्याच्या पंधरा वर्षं आधी, ६ जानेवारी १९३६ रोजी, उत्तर ऑन्टारियोतल्या वेबवुडने बार्बरा हॅनली यांना निवडून दिलं होतं, तेही अवघ्या १३ मतांनी. मेयर म्हटलं की आपल्याला महापौर आठवतो, पण इथे नगराध्यक्षाच म्हणावं. गावच तेवढं आहे.

टोरांटोहून सडबरी साधारण ४०० किलोमीटर. तिथून हायवे १७ ने पश्चिमेला ८० किलोमीटर गेलं की वेबवुड. पेट्रोलची टाकी सडबरीतच भरून घ्यावी आणि नकाशा फोनवर उतरवून ठेवावा, कारण पुढे मधूनमधून रेंज जाते. संध्याकाळी मूस, म्हणजे घोड्याहून उंच हरणं, रस्त्यावर येतात. एवढ्या उंच जनावराचे पाय गाडीच्या धडकेने मोडतात आणि धड काचेवर येतं, म्हणून अंधार पडायच्या आत पोहोचायचं. रेल्वेचा विचार करू नका. सडबरीहून सुटणारी व्हाइट रिव्हरची प्रवासी गाडी चॅप्लोमार्गे, म्हणजे उत्तरेच्या फाट्याने जाते. वेबवुडवरून फक्त मालगाड्या जातात.

बार्बराबाईंचा जन्म १८८२ चा, मॅग्नेटावानचा. टोरांटोहून हायवे ११ ने येत असाल तर बर्क्स फॉल्सला वळून ते गाव आधी पाहता येतं. पेशाने त्या शिक्षिका. वेबवुडला शाळा मंडळ, मग नगरपरिषद आणि मग हे पद, अशी त्यांची वाट.

त्या काळी तिथल्या निवडणुका दरवर्षी, जानेवारीत व्हायच्या. म्हणजे १९४४ पर्यंतची त्यांची कारकीर्द एकदा निवडून आल्याच्या जोरावर टिकली नव्हती. दर हिवाळ्यात बर्फातून मतं मागायची, तीही ज्यांचं पाणी, रस्ते, कर वर्षभर आपणच बघितलेत त्यांच्याकडे! शिवाय काळ मंदीचा. शेजारच्या एस्पॅनोलाची कागद गिरणी १९३० मध्ये बंद पडली होती. बेकारांच्या मदतीचा काही वाटा तेव्हा गावांनाही उचलावा लागे. त्यामुळे मला ‘पहिली’ या बिरुदापेक्षा पुढच्या वर्षांची चिकाटी मोठी वाटते. पुढे त्यांनी गावाच्या क्लार्कचंही काम केलं. १९५९ मध्ये त्या वारल्या.

गावात त्यांच्या नावाचा वारसा-फलक आहे. ऑन्टारियोचे हे फलक निळे, सोनेरी अक्षरांचे असतात. हायवेच्या वेगात गाव कधी मागे पडलं ते कळत नाही, म्हणून आत वळून पायी फिरावं. अर्धा तास पुरतो. आता वेबवुड स्वतंत्र नगरही राहिलेलं नाही, सेबल्स-स्पॅनिश रिव्हर्स टाउनशिपमध्ये, म्हणजे आसपासच्या गावांच्या एकत्र पालिकेत, विलीन झालंय.

मुक्काम एस्पॅनोलात करावा. तंबू असेल तर वेबवुडपासून पंधरा-सतरा किलोमीटरवर मॅसीचं शूट्स प्रांतिक उद्यान, धबधब्यापाशी. मे अखेर ते जून टाळा: काळ्या माशा कानामागे आणि केसांच्या कडेला चावतात, रक्त येईपर्यंत पत्ता लागत नाही. सप्टेंबरअखेर उत्तम. मॅनिटूलिन बेटावर जायचं असेल तर एस्पॅनोलावरून हायवे ६ घ्या. बेटावर शिरताना लागणारा लिटल करंटचा फिरता पूल उन्हाळ्यात दिवसा दर तासाला बोटींसाठी उघडतो; बरोबर ठोक्याला पोहोचलात तर पंधराएक मिनिटं गाडी बंद करून बसावं लागतं.