सुभेदार सरांचा रविवार

आपल्या सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले ज्यांच्या हातचे, त्या सुभेदार सरांबद्दल या स्मरणिकेत लिहायलाच हवं. १९७१च्या युद्धात ते होते, पण त्याविषयी फारसं बोलत नसत. पलटणीच्या कचेरीत क्लार्क म्हणून सारी नोकरी झाली आणि कागदांची तीच जाण घेऊन ते शाळेच्या कार्यालयात आले. रविवारी सकाळी व्हरांड्यात टेबल मांडून माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची कामं करत. कुणाकडून एक पैसा घेतला नाही.

सर्वांत जास्त कामं निघत ती बायकोच्या नावाची. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडे रीत. त्यामुळे लष्कराच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि रेशनकार्डावर घरात हाक मारतात ते. जन्मतारीख तर कित्येकांची १ जून, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. नवरा हयात आहे तोवर पेन्शन त्याच्या नावाने येते, हा फरक कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो गेला की पी.पी.ओ.वरची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरची, बाई आणि समोर उभी असलेली बाई एकच, हे तिलाच सिद्ध करावं लागतं. तेही घरात सुतक असताना.

म्हणून सर आलेल्या माणसाकडे आधी डिस्चार्ज बुक (लष्करातून सुटताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) आणि पी.पी.ओ. मागत. बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर ताडून बघत. फरक दिसला की त्याच दिवशी अर्ज. माथ्यावर नंबर, रँक, नाव. सैनिकाचा नंबर नसेल तर रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे रेजिमेंटच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, कागद सापडणार कसा? सोबत प्रतिज्ञापत्र, आधार आणि पी.पी.ओ.ची प्रत. अर्ज तीन प्रतींत: एक रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर एडीने, दुसरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला, तिसरी घरी, तिच्यावर पोस्टाची पावती चिकटवलेली. पुष्कळांचे अर्ज भलत्याच ठिकाणी गेलेले असत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, तोफखान्याचं नाशिकरोडला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीत. हे सरांना तोंडपाठ होतं. दुरुस्तीचा पी.पी.ओ. हातात पडेपर्यंत ते तो अर्ज निकाली काढत नसत.

दुसरा आग्रह जोडखात्याचा, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्याने चालवायचं असं. त्याच खात्यात पुढे कुटुंब निवृत्तिवेतन जमा होऊ शकतं. आणि एक गोष्ट ते मुलांना मुद्दाम समोर बसवून सांगत: वडील गेल्यावर एटीएममधून पेन्शन काढत राहू नका, आधी बँकेला कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम वसूल होते आणि तो भार आईच्या पैशांवर येतो.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागे. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. सर कोमट पाण्याने हात धुवायला लावत, बोटं कोरडी पुसून पुन्हा ठेवायला सांगत, तरी जमलं नाही तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवणारं यंत्र.

हे सगळं त्यांनी आधी स्वतःच्या घरात करून ठेवलं होतं, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होतं. काकूंचं नाव नोंदीत दुरुस्त, जोडखातं, दोघांचा एकत्र फोटो, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. बँकेत ते काकूंना पुढे करत आणि स्वतः मागे बाकावर बसून राहत. स्लिप काकूंनीच भरायची, बोलायचंही काकूंनीच. मुलींनाही पेटीतला कुठला कागद कशासाठी, हे पाठ करून घेतलं होतं. घरच्या माणसांवर एवढं बारीक लक्ष देणारा माणूस परक्यांसाठीही तितकाच राबला, याचं मला फार मोल वाटतं.

सर गेले तेव्हा मृत्यूचा दाखला जोडून काकूंनी स्वतः अर्ज भरला. एकही शंका निघाली नाही.

रविवारचं काम आता काकू आणि धाकटी मुलगी बघतात. काकूंना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून शाळेने तळमजल्यावरची खोली दिली आहे. येताना डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., पासबुक आणि नवरा-बायको दोघांचं आधार आणावं. मूळ प्रतीच आणाव्यात. झेरॉक्सवर नावातला काना-मात्रेचा फरक कधी कधी दिसत नाही.