तोरीच्या मागच्या बाजूला

परवा आई आणि मी जपानचे फोटो पुन्हा बघत बसलो. निम्म्या फोटोंत तोरी आहेत. तोरी म्हणजे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळापुढची कमान. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, बस्स. दार नाही, भिंत नाही. अलीकडे आपलं रोजचं जग आणि पलीकडे देवाची जागा, एवढंच ती सांगते. नाव ऐकल्याबरोबर आई म्हणाली होती, "अगं, हे तर आपलं तोरण!" सांचीच्या तोरणांशी तिचं नातं जोडणारे अभ्यासक खरंच आहेत. जपानी लिपीत मात्र ती पक्ष्याच्या चिन्हाने लिहितात, म्हणून काहीजण तिला पक्ष्यांच्या बसण्याची जागा मानतात. यावर एकमत नाही. मला आईचा अर्थ जवळचा वाटतो.

तोक्योच्या मेइजी जिंगू या देवळातली १२ मीटर उंचीची लाकडी तोरी आम्ही सर्वांत आधी पाहिली. तिथे लोक आत शिरताना वाकून नमस्कार करत होते आणि रस्त्याच्या कडेने चालत होते. मधली वाट देवाची. आम्हीही कडेनेच चाललो, म्हणून माझ्या तिथल्या सगळ्या फोटोंत तोरी जराशी तिरकी आली आहे. ते फोटो मी कापून सरळ केलेले नाहीत.

मन रमलं ते क्योतोच्या फुशिमी इनारीत. क्योतो स्टेशनवरून नारा लाइनची गाडी पकडली की दुसरंच स्टेशन इनारी, आणि देऊळ स्टेशनसमोर. ते रात्रंदिवस उघडं असतं, म्हणून आम्ही उजाडतानाच पोचलो. देवस्थान इ.स. ७११ पासूनचं. इनारी हा मुळात भाताचा देव, पुढे व्यापारउदिमाचाही झाला. कोल्हे त्याचे दूत. दगडी कोल्ह्यांच्या गळ्यात लाल लाळेरी, तोंडात कुठे किल्ली, कुठे भाताची लोंबी. त्या लोंबीपाशी आई बराच वेळ थांबली.

मग डोंगर सुरू होतो, २३३ मीटरचा. सगळ्या डोंगरावर मिळून दहा हजारांच्या आसपास तोरी आहेत. काही ठिकाणी इतक्या खेटून की उन्हाच्या नुसत्या फटी जमिनीवर पडतात. चढताना सगळं कोरं, शेंदरी. मी फोटोवर फोटो काढत पुढे गेले. आई गुडघे दुखायला लागले म्हणून एका पायरीवर टेकली, आणि तिने वळून खाली पाहिलं.

"अगं, मागे काय लिहिलंय बघ."

प्रत्येक खांबाच्या मागच्या बाजूला काळी अक्षरं होती. एका खांबावर देणाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर तारीख. कुणी दुकानदार, कुणी कंपनी, कुणी एखादं कुटुंब. जपानीत 'तोरू' म्हणजे पार होणं. मनातली इच्छा पार पडावी म्हणून, किंवा पार पडली म्हणून, तोरी द्यायची प्रथा एदो काळापासून (१६०३ ते १८६८) रुजली. हे समजल्यावर आई म्हणाली, "म्हणजे हे सगळे नवस." आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर नावं कोरलेली असतात, तसंच. तिथून पुढे मी प्रत्येक वळणावर मागे फिरून फोटो काढले.

या तोरी लाकडाच्या, आणि डोंगर दमट. खांब बुडातून कुजतात. जुनी तोरी उतरवतात आणि तिच्या जागी कुणाची तरी नवी उभी राहते. म्हणजे आमच्या फोटोतली काही नावं आता तिथे नसतीलही.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर जायला किनाऱ्यावरून बोटीने दहा मिनिटं लागतात. इत्सुकुशिमा देवळाची समुद्रातली तोरी सगळ्यांनी चित्रांत पाहिलेली असते, भरतीच्या पाण्यावर तरंगल्यासारखी. आम्ही ओहोटीच्या वेळी चिखल तुडवत थेट तिच्या बुडाशी गेलो. साडेसोळा मीटर उंच, सुमारे ६० टन वजन. आताची तोरी १८७५ सालची. तिचे मुख्य खांब कापराच्या झाडाचे आहेत, आणि ते जमिनीत पुरलेले नाहीत! चार आधारखांब सोबतीला घेऊन ती निव्वळ स्वतःच्या वजनावर उभी आहे. वरच्या पोकळ तुळईत वजनासाठी दगड भरले आहेत. खांबावर हात ठेवलेल्या आईचा फोटो आता घरी भिंतीवर आहे.

शेवटी नागासाकी. सान्नो देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर दगडी तोरीचा एकच खांब उभा आहे, वर तुळईचा अर्धा तुकडा. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबाँब फुटला, तो इथून साधारण ८०० मीटरवर. स्फोटाच्या बाजूचा खांब उडून गेला. पडलेले तुकडे जवळच मांडून ठेवले आहेत. वर देवळापाशी कापराची दोन प्रचंड झाडं आहेत. त्या दिवशी तीही जळाली, आणि नंतर त्यांना पुन्हा पालवी फुटली.

तिथला माझ्याकडे एकच फोटो आहे. कॅमेरा पिशवीत ठेवल्यावर आईने चपला सारख्या केल्या, कडेला सरकून त्या अर्ध्या तोरीपुढे वाकून नमस्कार केला, आणि मग तिच्याखालून पायऱ्या चढायला लागली. मी तिच्या मागोमाग गेले.