तुम्ही विचारलंत म्हणून: मी नक्की करतो काय?

गावी, सांगली जिल्ह्यातल्या विट्याला गेलो की हा प्रश्न चुकत नाही. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. सोनं-चांदी आटवण्यात हयात गेलेल्यांना 'पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांची रचना' एवढ्यावर वाटेला लावता येत नाही. मग मीच विचारतो, "काका, चांदी पांढरी, मग सोनंच पिवळं का?"

उत्तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत आहे. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन. त्यांच्या ओढीमुळे सगळ्यांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ५८ टक्के वेगाने फिरतात, असं ढोबळ गणित सांगतं. इतक्या वेगात सापेक्षतेचे नियम लागू होतात आणि काही कक्षा आक्रसतात, अगदी बाहेरचीसुद्धा. तिच्यातलं आणि तिच्या खालच्या कक्षेतलं ऊर्जेचं अंतर कमी होतं, इतकं की सोनं निळा प्रकाश शोषून घेतं. उरतो तो पिवळा. चांदीत प्रोटॉन ४७. तिथे हे अंतर मोठंच राहतं, म्हणून ती डोळ्याला दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश परत फेकते. (ट्रॅक्टरच्या बॅटरीतल्या शिशाचंही असंच आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार तिच्या १२ व्होल्टपैकी सुमारे १० सापेक्षतेमुळे मिळतात. हे सांगितलं की सोन्यापेक्षा जास्त माना डोलतात.)

हे सगळं ज्यातून निघतं ते इलेक्ट्रॉनचं समीकरण पॉल डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञानं १९२८ सालीच लिहून ठेवलंय. मग मी काय करतो? रोजची आकडेमोड वॉल्टर कोन हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये दाखवलेल्या वाटेनं चालते: एकेका इलेक्ट्रॉनच्या मागे न लागता त्यांची घनता, म्हणजे कुठे ते किती दाट आहेत, ती धरायची. पोट त्यावर चालतं.

जीव मात्र अवकाशकालाच्या बीजगणितात अडकलाय. डिरॅकच्या समीकरणात चार बाय चारचे मॅट्रिक्स (संख्यांचे चौकोनी तक्ते) येतात, शिवाय उणे एकचं वर्गमूळ, म्हणजे काल्पनिक संख्या. विद्यार्थी ते पाठ करतात. मीही केलं होतं. १९६६-६७ मध्ये डेव्हिड हेस्टिनिस या भौतिकशास्त्रज्ञानं क्लिफर्ड या गणितज्ञाचं एकोणिसाव्या शतकातलं बीजगणित घेऊन दाखवलं, की ते मॅट्रिक्स म्हणजे काळाची आणि अवकाशाची मिळून चार दिशाच आहेत, आणि ते वर्गमूळ म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं, म्हणजे त्याच्या अंगभूत फिरकीचं, प्रतल. काल्पनिक संख्येला एकदम जागा मिळाली!

यातून नवा आकडा निघतो का? नाही. उत्तरं डिरॅकचीच येतात. काही सहकारी म्हणूनच याला नुसती हौस म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाहीत. पण मला समीकरण नुसतं सोडवायचं नाही, त्यात काय फिरतंय ते बघायचंय.

अडचण पुढे आहे. एका इलेक्ट्रॉनपुरतं हे सगळं सुटसुटीत. दुसरा आला की त्याच्यासाठी दिशांचा वेगळा संच मांडावा लागतो, तिसऱ्यासाठी आणखी एक. सोन्याच्या एका अणूत इलेक्ट्रॉन आहेत ७९. एवढा पसारा न मांडता घनतेचं गणित याच भाषेत कसं लिहायचं, सध्या मी त्यावर काम करतोय.