गुलाबी रेशमाचा कोट

"आई, हा मुलीचा कोट आहे ना?"

काचेपुढे उभा असलेला सहा-सात वर्षांचा मुलगा विचारत होता. फिकट गुलाबी रेशीम, कडांवर भरतकामाची फुलं. आईनं पाटी वाचली. "नाही रे, पुरुषाचा आहे. अठराव्या शतकातला, युरोपातला."

तो बराच वेळ बघत राहिला. "मग बाबांचे सगळे शर्ट निळेच का?"

फॅशनकडे मानसशास्त्र आणि समाजशास्त्राच्या नजरेतून पाहणारं प्रदर्शन होतं ते. मानसशास्त्रज्ञ जॉन कार्ल फ्लुगेल यांनी १९३० मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी नटण्यावरचा हक्क सोडला. सुंदर दिसण्यापेक्षा उपयोगी दिसणं पत्करलं. त्याआधी, १९०४ मध्ये, समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल म्हणाले होते की फॅशनमध्ये दोन ओढी असतात. इतरांसारखं असण्याची आणि त्यांच्यातून उठून दिसण्याची. मला वाटतं, पुरुषांच्या वाट्याला बहुतेक पहिलीच उरली.

पण फुलं आपली नाहीत, हे त्या मुलाला इतक्या लवकर कुणी शिकवलं? बहुधा कुणीच मुद्दाम नाही. म्हणूनच ते जास्त टोचतंय.

तुमच्या घरातल्या एखाद्या मुलानं आवडता रंग असा गुपचूप सोडून दिलेला तुम्ही पाहिलाय का?