आमची वाटचाल : उद्यमनगरातलं कार्बोरेटरचं काम

वडिलांनी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गाळा घेतला तेव्हा कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, कामाला मरण नव्हतं. फियाट, अँबॅसेडर, साखर कारखान्यांच्या पेट्रोल जीपा, झालंच तर राजदूत आणि येझदी. तक्रारी ठरलेल्या: आचके देते, घाटात दम टाकते, पेट्रोल पिते.

मग २००० च्या सुमारास मारुती ८०० ला कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल फवारून सोडणारी यंत्रणा) आलं, फियाट बनायची बंद झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींचाही कार्बोरेटर गेला. आजूबाजूचे बरेच जण दुसऱ्या धंद्याला लागले. आम्ही टिकलो ते लेथमुळे, आणि खरं सांगायचं तर अँबॅसेडरमुळे.

जुन्या अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजचं. इंग्लंडात १९६२ साली आलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. अँबॅसेडरला एसयू या ब्रिटिश कंपनीचा एक कार्बोरेटर, एमजीबीला दोन. टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांवर वडिलांचा हात बसला होता, तो हौशी मालकांच्या गाड्यांना कामी आला. पहिली एमजीबी गोव्याहून आली, मग एकाने दुसऱ्याला सांगितलं.

अशी गाडी आली की मालक बहुधा एकच वाक्य बोलतो, "मिस्त्री, किट नवीन टाकलंय, फक्त ट्यूनिंग करून द्या." आम्ही आधी बटरफ्लायचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, स्पिंडल (दांडी) बोटांत धरून वर-खाली हलवतो. तो खडखडला तर नवीन किट (आतले सुटे भाग) असून नसल्यासारखं. तिथून फुकटची हवा आत शिरते, आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) कधी वर कधी खाली, आणि स्क्रू कितीही फिरवा, हाताला काही लागत नाही. कार्बोरेटरची बॉडी लेथवर घेऊन स्पिंडलचं भोक सरळ रीम करायचं (कापून मोठं करायचं), पितळी बुश (नळकांडं) ठोकायचं, नवा स्पिंडल घालायचा. या कामाला वेळ लागतो आणि पैसेही. जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक), त्यात वर-खाली होणारी निडल आणि गॅस्केट बदलणं त्यापुढे सोपं.

कार्बोरेटर गाडीवर चढला तरी लगेच त्याला हात लावत नाही. आधी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, फट, एमजीबीला १५ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मग ठिणगीच्या पॉइंटची गॅप १४ ते १६ थाऊ, मग टायमिंग (ठिणगीची वेळ). अर्ध्या गाड्यांचा कार्बोरेटरचा आजार इथेच बरा होतो, असं वडील म्हणायचे आणि आम्हीही म्हणतो.

आता दोन कार्बोरेटरचा मेळ. मधल्या लिंकेजचे बोल्ट सैल करून दोघांना सुटं करायचं. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका तोंडाशी धरायचं. दोन्हीकडची फुसफूस सारखी येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू जुळवायचे. बाजारात त्यासाठी मीटर मिळतो, आमच्याकडेही आहे. पण इंजिन गरम झाल्यावर मी अजून नळीच घेतो.

मिक्श्चरसाठी एसयूच्या खाली सहा कोनांचा नट असतो. जेट वरपर्यंत नेऊन तिथून दोन आटे, म्हणजे बारा कोन, खाली आणायचा आणि पुढे एकेक कोनाने हिशोब करायचा. नट खाली गेला की मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), वर गेला की लीन (पेट्रोल कमी). परीक्षा बॉडीखालच्या पिनेची. तिने कार्बोरेटरमधला पिस्टन मिलिमीटरभरही नाही, जेमतेम उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच. लगेच पडला तर लीन. क्षणभर चढून जागेवर आला तर जमलं. दोन्ही कार्बोरेटर एकाच इंजिनाला हवा-पेट्रोल देत असल्यामुळे एकाला हात लावला की दुसऱ्याची परीक्षा पुन्हा घ्यावीच लागते. डॅशपॉटमधलं (पिस्टनच्या वरच्या नळीतलं) तेल मात्र लोक हमखास विसरतात. या कार्बोरेटरला अॅक्सिलरेटर पंप (पाय दिल्यावर जादा पेट्रोल सोडणारा) नसतो. तेलामुळे पिस्टन सावकाश वर येतो, तेवढ्या वेळात मिक्श्चर दाट होतं. तेल संपलं की पाय दिल्याबरोबर गाडी अडखळते.

शेवटची चाचणी पन्हाळ्याच्या घाटात. खाली उतरल्यावर स्पार्क प्लग काढून रंग बघतो. फिकट तपकिरी दिसला की आम्ही चहा सांगतो.

सध्या नवी भानगड आहे ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांत निघतं आणि त्याची उस्तवारही आमच्याच टेबलावर! शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी लीन चालते, तापते. नट फिरवून आयडलिंगपुरतं भागतं, रस्त्यावरच्या वेगाला थोडी बारीक निडल घालावी लागते. जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कचे वॉशर तर बदलतोच, मालक नको म्हणाला तरी.

नुसता कार्बोरेटर कुरिअरने आला तरी घेतो. बुश, स्पिंडल, जेट, फ्लोट सगळं करून परत पाठवतो आणि पावतीवर "ट्यूनिंग बाकी" असं लिहितो. ट्यूनिंग गाडीवरच होतं, त्यामुळे त्यासाठी गाडी कोल्हापूरला आणावी लागते. आणताना टाकीत रोज भरता तेच पेट्रोल ठेवा.