नटाचे किती?

शनिवारी दुपारी धायरीच्या आमच्या वर्कशॉपवर एक काका जुनी मारुती आठशे घेऊन आले. गाडी सरळ येतेय आणि स्टिअरिंग मात्र डावीकडे कललेलं.

"अलाइनमेंट ना, काका?"

"नाही रे. अलाइनमेंट घरी झालंय. उजव्या टाय रॉडचा लॉकनट गंजून बसलाय, तेवढा सोडव."

घरी! मी पोरांकडे बघून हसलो. गाडी थेट मशीनवर चढवली. (टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारी दांडी; तिची लांबी बदलली की चाकाचा रोख बदलतो, आणि लॉकनट ती लांबी धरून ठेवतो.)

काका भोसरीत टूलरूमला होते. टायर आतून खात होते म्हणून त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा उद्योग मांडला. जमीन सपाट आहे का, ते गवंड्यासारखं नळीत पाणी भरून बघितलं. चारही चाकांत हवा सारखी केली. पुढच्या चाकांखाली दोन-दोन लाद्या, मध्ये ग्रीस, म्हणजे टो, चाकं पुढून आत वळलीत की बाहेर तो कल, फिरवताना टायर जमिनीला अडून बसत नाही. (ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती.) मग दोन्ही अंगांना हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर दोरी ताणली. पुढची-मागची चाकं एका ओळीत नसतात, हे धरून दोरी हबपासून डाव्या-उजव्या बाजूला सारख्या अंतरावर आणली, आणि रिमची पुढची कड, मागची कड स्टीलच्या पट्टीने मोजली. उजवा नट हलेना, म्हणून सगळं डावीकडेच फिरवलं. स्टिअरिंग कलणार हे त्यांना आधीच माहीत होतं.

वहीत लिहिलं होतं: टो-इन (चाकं पुढून आत) १ मिमी. माझ्या स्क्रीनवर एकूण टो ०.२ अंश. १२ इंची रिमवर १ अंश म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. मोबाइलवर हिशेब केला आणि गप्प बसलो.

नटाने मात्र घाम काढला. गॅस मारला तर टाय रॉड एंडचं रबर जळणार. गंजाचं तेल मारून चहा घेतला, पुन्हा मारलं, शेवटी पान्ह्याला पाइप लावल्यावर कर्रकन सुटला. मग एका बाजूची दांडी जितकी लांबवली तितकीच दुसरी आखडली. नवले पुलापर्यंत चक्कर मारली, स्टिअरिंग सरळ. टो जिथल्या तिथे.

मी बिल करायला घेतलं.

"अलाइनमेंटचे लावू नकोस हं," काका म्हणाले. "मशीनवर तू तुझ्या समाधानासाठी चढवलीस. नटाचे किती?"