टिळकांच्या पदांचा अल्बम: गंधार जुळला, रिषभ अडला

रेव्हरंड टिळकांच्या पदांच्या अल्बमसाठी पेटी तंबोऱ्याशी जुळवणं चालू आहे, आणि काळी एकचा (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरल्यावरचा) गंधार एकदाचा तंबोऱ्यात विरघळला! पांढरी चार, म्हणजे तोच गंधार, धरून ठेवली तरी आता सूर लहरत नाही. पण काळी चारमधल्या तीन पदांत लगेच नवं दुखणं निघालं. तिथला रिषभ उतरलाय, आणि तोही तब्बल २२ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग).

पदं ठरलेलीच आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) आठ, त्यांतली पाच काळी एकमध्ये पुरुषी आवाजात. ऑर्गन आणि चार आवाजांची मांडणी नको, यावर दुमत नव्हतंच. ख्रिस्ती उपासनेत देशी चालींसाठी झटलेल्या, स्वतः कीर्तनं करणाऱ्या कवीची आठवण पेटी, तबला आणि झांजेवरच शोभते.

आधी गंधाराचं. कारखान्यातून आलेल्या पेटीचा गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो, तंबोऱ्याचा स्वयंभू, म्हणजे तारेतून आपोआप उमटणारा गंधार ३८६ वर. काळी एक २७७.२ हर्ट्झ धरली तर तिचा पाचवा स्वरांश (मूळ कंपनाच्या पाचपट) १३८६ वर येतो आणि पेटीच्या गंधाराचा चौथा १३९७ वर. म्हणजे सेकंदाला ११ हेलकावे. द्रुत पदात ते खपून जातात. ओवीच्या संथ ठेक्यात मात्र कानाला बोचतात.

उपाय कानशीचा. रीडच्या पितळी जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा आणि रिव्हेटजवळ हलकं घासायचं, की सूर उतरतो. टोकाशी घासलं तर चढतो. दोन-तीन हात मारून थांबायचं, कारण बोटांच्या उबेनेही पितळ खाली बोलतं. गार झाल्यावर सूर थोडा वर सरकतो. रीड बाहेर फुंकून मोजण्यात अर्थ नाही. ती जागेवर बसवून, भाता गाताना असतो तेवढ्याच दाबाने चालवून मोजायची, कारण दाब वाढला की सूर किंचित पडतो. घासलेला चुरा फटीत अडकला तर रीड खरखरते, म्हणून दर वेळी मऊ ब्रश फिरवायचा. रिव्हेटपाशी हाव केली तर जीभ तुटते. गुजरातेतल्या पालिताण्याची चांगली रीड हे सगळं सोसते. स्वस्त पाकिटांतल्या रीड घासल्यावर ठरलेल्या सुरावर टिकत नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

अशा रीतीने पांढरी चार १४ सेंट, काळी पाच १६, पांढरी एक १२ आणि पांढरी पाच १० सेंट उतरवली. काळी दोन चारने आणि काळी चार दोनने चढवली, काळी तीन दोनने उतरवली. काळी एकचे सगळे शुद्ध स्वर आणि तीव्र मध्यम त्यात आले.

गंमत म्हणजे षड्ज काळी चारवर नेला तरी यातले जवळपास सगळे स्वर जागेवरच बसतात: पांढरी एक गंधार, काळी एक मध्यम, काळी दोन पंचम, पांढरी चार धैवत, पांढरी पाच निषाद. अडते फक्त काळी पाच. काळी एकचा धैवत म्हणून ती ८८४ सेंटांवर हवी, काळी चारचा रिषभ म्हणून (काळी एकपासूनच मोजून) ९०६ वर. हा फरक गणितातलाच आहे, कानशीने तो मिटणार नाही.

मार्ग तीन दिसतात. डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची पेटी हा राजमार्ग, पण तीन पदांसाठी ती कुठून मिळवायची? दुसरा मार्ग रिषभ वर्ज्य असलेल्या चाली निवडण्याचा. तो नको, शब्दांवर अन्याय होतो. तिसरा म्हणजे नर-नर जोडीची, म्हणजे एकाच सप्तकातल्या रीडच्या दोन ओळींची पेटी घेऊन एका ओळीतली काळी पाच ८८४ वर आणि दुसरीतली ९०६ वर ठेवायची.

हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की नर-नर कशाला हवी? खर्ज-नर (एक ओळ सप्तकभर खालची) आहेच! खर्जाच्या ओळीतल्या काळी पाच ९०६ वर ठेवायच्या आणि नराच्या ८८४ वर. काळी एकची पदं फक्त नरावर वाजवायची. काळी चारची फक्त खर्जावर, हात एक सप्तक वर नेऊन. दोन्ही स्टॉप (ओळ उघड-बंद करणारे खुंट) एकदम मात्र कधीच उघडायचे नाहीत. खर्जाच्या रीड उशिरा बोलतात, त्यामुळे जलद हरकती मागे पडतील. पण ही तिन्ही पदं ठाय, म्हणजे संथ लयीतली आहेत. आधी स्टॉप तपासायचे: खर्ज बंद करून पट्टी दाबल्यावर त्याची कुजबूज आली, तर झडपेचं कातडं गळतंय आणि ते बदलावं लागेल. पेटीचा भरणा कमी होईल, तो झांजेने भरून काढू.

तबल्याचा प्रश्न आपोआप सुटला. काळी एकचा तबला काळी चारच्या पदांत मध्यमात बोलतो, त्यामुळे दुसरा लागत नाही. माइक पेटीच्या पट्ट्यांवर सुमारे अर्धा मीटर उंच, भात्याच्या विरुद्ध अंगाला. पंखा बंद. तंबोरा गायकाच्या बंद हेडफोनमध्येच, नाहीतर तो गळ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि पुढे काढता येत नाही.

हक्कांबाबत इतकंच: कवीच्या निधनानंतर ६० वर्षांचा नियम लावला तर टिळकांचे शब्द कधीच मोकळे झाले. पण चाल नंतरच्या कुणाची असेल तर तिचा वेगळा विचार करावा लागतो. म्हणून ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहामधून एखादं पद घेताना चाल कुणाची हे आधी बघायचं.

राहता राहिलं भैरवीतलं शेवटचं पद. काळी एकच्या कोमल स्वरांसाठी आणखी चार पट्ट्या चढवाव्या लागतील, १२ ते १८ सेंटांनी. त्यापेक्षा तिथे पेटी बंदच ठेवून एकतारी आणि चिपळ्यांवर गाऊन घ्यायचा विचार पक्का होत चाललाय.